लेथची मूठ

उपेंद्र सकाळी घरातून निघताना एवढंच म्हणाला होता की संध्याकाळी पायानं चालवायचं यंत्र घेऊन येतो. कावेरीनं त्याचा अर्थ लावायला क्षणभरही घेतला नाही. आनेकलला माहेरी असताना ती शेजारच्या घरी जाऊन शिवणयंत्रावर झबली-पोलकी शिवायची, आणि लग्न होऊन बेंगळूरला आल्यापासून तसलं एक यंत्र आपल्याही घरी असावं हे तिनं नवऱ्याच्या कानावर घालून ठेवलं होतं. दुपारपर्यंत तिनं पुढच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा झाडून मोकळा केला. गल्लीतल्या दोघी-तिघींना सांगूनही टाकलं. संध्याकाळी बैलगाडी दाराशी थांबली आणि तिच्यातून जे उतरलं ते काळंकुट्ट, तेलकट, आडवं धूड होतं. खाली पायाची फळी होती, मोठं चाक होतं, पण सुई कुठंच नव्हती.

“हे काय रे उपेंद्रा?” सत्यवतीअक्कांनी उंबऱ्यातून विचारलं. “उसाचा चरक?”

“लेथ आहे अक्का. लोखंड कातायचं यंत्र.”

सत्यवतीअक्का म्हणजे उपेंद्राची थोरली बहीण. कोवळ्या वयात नवरा गेला म्हणून माहेरी परतलेल्या, आणि आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलेलं. त्या घरात पान हलायचं ते अक्कांना विचारून. त्यांनी लेथकडे एकदा पाहिलं, मग भावजयीच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं समजून आत गेल्या. कावेरीनं त्या रात्री नवऱ्याला वाढलं, पण बोलली मात्र नाही.

ते साल चोपन्न-पंचावन्नचं असेल. गवीपुरात तेव्हा कौलारू घरं होती, घरामागे शेवग्याची आणि नारळाची झाडं होती, आणि पहाटे गवीगंगाधरेश्वराच्या देवळातली घंटा सगळ्या गल्लीला ऐकू येई. उपेंद्राचं घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलं असं घरात सांगत. पण इतक्या पिढ्यांत घरातल्या मराठीत कन्नड असं मुरलं होतं की कुठलं मीठ आणि कुठलं पाणी हे कुणाला वेगळं करता आलं नसतं. उपेंद्र गावाबाहेरच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात टर्नर होता. उजाडायच्या आत कारखान्याची बस रामकृष्ण आश्रमाच्या कोपऱ्यावर येई आणि दिवस मावळताना त्याला तिथंच परत सोडी. दिवसभर लोखंड कातून आलेल्या माणसाला घरीही लोखंडच कातायला हवं, हे कावेरीला काही केल्या कळत नव्हतं.

तो लेथ रिचमंड टाउनातल्या एका म्हाताऱ्या इंग्रज इंजिनियराचा. म्हातारा कायमचा विलायतेला निघाला तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. जुन्या लोखंडाचा व्यापारी शिवाप्पा हा उपेंद्राचा शाळेतला सोबती. तो लिलावाला जाताना उपेंद्राला बरोबर घेऊन गेला. बागेतल्या शेडमध्ये, कुंड्यांच्या मागे, हा लेथ मेणकापडाखाली झाकलेला होता. इतरांना ते भंगार वाटलं. उपेंद्रानं चाक हातानं एकदा फिरवलं, ते किती तरी वेळ आवाज न करता फिरत राहिलं, आणि त्याचं मन तिथंच बसलं.

गाडीतून उतरवताना मात्र दोर सुटला. लेथ दगडी पायरीवर आपटला आणि त्याची एक मूठ मुळापासून मोडली. लेथला हत्यार सरकवायच्या दोन मुठी असतात. एकीनं हत्यार लोखंडाच्या लांबीनं डावी-उजवीकडं जातं, दुसरीनं लोखंडात पुढं शिरतं नाहीतर मागं येतं. मोडली ती दुसरी. शिवाप्पाला फार वाईट वाटलं. तो दुसरी मूठ शोधून आणतो म्हणाला. उपेंद्र हसून म्हणाला, अरे, लेथवाल्यानं मूठ विकत आणायची म्हणजे काय, येत्या रविवारी मीच करतो.

तो रविवार काही आला नाही. उपेंद्रानं मोडक्या खुंटीला एक पाना अडकवला आणि त्या पान्यानंच काम चालवलं. रविवारी परसातल्या शेडमध्ये तो दुसऱ्यांचीच कामं करत बसे. कुणाच्या रहाटाचा कणा, कुणाच्या सायकलीचा पेच, देवळातल्या समईची हललेली दांडी. कावेरी कॉफी घेऊन गेली की म्हणे, स्वल्प पाय लाव, आणि ती उभ्या उभ्या फळीवर पाय चालवी. फळी शिवणयंत्रापेक्षा जड होती, पण तिच्या पायाला तो ठेका ओळखीचा होता. चाक गरगरू लागलं की उपेंद्र वाकून हत्यार पुढं नेई, लोखंडाचे कुरळे छिलके निघत, गरम तेलाचा वास सुटे. त्या वासात कावेरीचा राग केव्हा विरला ते तिचं तिलाही समजलं नाही. पुढं ती कॉफीचं निमित्त नसलं तरी जाई. पुष्कळ वर्षांनी तिला आपल्या तरुणपणाची आठवण यायची ती त्या शेडमधली: कौलातून पडलेला उन्हाचा कवडसा, त्यात तरंगणारा धूर, आणि कामात हरवलेल्या नवऱ्याचा घामेजलेला मानेचा मागचा भाग.

मग तो अपघात झाला. उपेंद्र सुट्टीच्या दिवशी सायकलवरून बसवनगुडीच्या उतारानं येत होता. नंदी देवळाच्या पुढच्या वळणावर समोरून बैलगाडी आली, त्यानं ब्रेक दाबला, आणि सायकल घसरून तो उजव्या हातावर पडला. गाडीचं चाक मनगटावरून गेलं. हाड जुळलं, पण बोटं जुळली नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट जेमतेम जवळ यायची. बाकीची तीन अर्धवट वाकून तशीच राहिली. हातात पेला धरता येई, हत्यार नाही.

कारखान्यानं त्याला काढलं नाही. त्याला हत्यारांच्या कोठारात बसवलं. कामगार खिडकीशी येत, हवं ते हत्यार सांगत, आणि उपेंद्र ते फळीवरून काढून देई. ज्या हत्यारांनी काल तो काम करत होता तीच आज दुसऱ्यांच्या हातात द्यायची. घरी आल्यावर त्यानं शेडमध्ये जाऊन लेथवर गोणपाट टाकलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली देवघरातल्या खुंटीला अडकवली. त्यानंतर तो परसात गेला तरी शेडकडे बघत नसे.

वर्ष उलटलं. उपेंद्र जेवायचा, कामाला जायचा, संध्याकाळी पुढच्या ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचा. शिवाप्पा भेटायला आला की तोही शेजारी बसून रस्त्याकडे पाहायचा. शेवटी अक्काच एके दिवशी म्हणाल्या की ते यंत्र डोळ्यांसमोर आहे तोवर याचं मन वर यायचं नाही, विकून टाका. उपेंद्रानं मान हलवली. शिवाप्पानं गिऱ्हाईक बघायचं कबूल केलं. कावेरीला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला काय सांगायचं ते सुचलं नसतं. यंत्र तिचं थोडंच होतं.

गिऱ्हाईक आलं ते आनेकलचं. रघुपती त्याचं नाव. कावेरीच्या वडिलांना तो ओळखत होता म्हणून तिनं त्याला आग्रहानं कॉफी पाजली. आनेकलात त्यानं नवीनच छोटं वर्कशॉप काढलं होतं आणि त्यात हातानं फिरवायच्या कॉफीच्या गिरण्या करायचा त्याचा बेत होता. तेव्हा घरोघरी तसली गिरणी असे. टेबलाच्या कडेला नाहीतर फळीला आवळायची, वरून भाजलेल्या बिया टाकायच्या आणि दांडा फिरवायचा. रघुपतीनं गोणपाट काढून लेथ खालून-वरून पाहिला. त्याला तो आवडला. पान्यावर हात ठेवून मात्र तो थबकला.

“याला मूठ नाही?” त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

उपेंद्र म्हणाला, मोडली आहे. रघुपती म्हणाला, मग मूठ बसवून ठेवा, पुढच्या महिन्यात मी गाडी घेऊन येतो. उपेंद्रानं सरी, म्हणजे बरं, म्हटलं. तो गेल्यावर उपेंद्र शेडच्या दारात उभा राहिला. मग आपल्या उजव्या हाताकडे बघून म्हणाला, हो तर म्हणालो, आता करणार कोण? शिवाप्पाला सांगून बाजारातून करून घेतली पाहिजे.

कावेरी मागेच उभी होती.

“मी करते,” ती म्हणाली. “तुम्ही सांगा, मी करते.”

उपेंद्रानं तिच्याकडे पाहिलं. चेष्टा करते आहे असं त्याला वाटलं. पण ती कप-बशा उचलत होती आणि तिच्या चेहऱ्यावर चेष्टेचं काही नव्हतं. आपल्याला हे जमेल की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण मूठ बाजारातून आली असती तर ती त्याच्या उरात कायमची सलत राहिली असती, एवढं तिला कळत होतं.

पहिली अडचण आली ती लेथवर नव्हे, घरातच. उपेंद्र म्हणाला, हातात बांगड्या घालून लेथजवळ यायचं नाही. लोखंड धरून फिरणाऱ्या चकमध्ये बांगडी अडकली तर हात जाईल. माझा एक गेला तेवढा पुरे. अक्का कडाडल्या. सवाष्णीनं हात मोकळे ठेवायचे? या घरात माझे एक जोडी हात मोकळे आहेत तेवढे बस आहेत. कावेरी परत स्वयंपाकघरात गेली आणि तिला वाटलं, बरंच झालं, गोष्ट इथंच संपली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्कांनी आपल्या जुन्या लाल लुगड्याची पट्टी फाडली. काठ काढून, टाके घालून त्यांनी कोपरापासून मनगटापर्यंत घट्ट बसतील अशा दोन कापडी नळ्या शिवल्या आणि कावेरीला पुढं बसवून तिच्या हातांवर चढवल्या. बांगड्या आत दबून राहिल्या, वाजल्यासुद्धा नाहीत.

“फिरवून बघ हात,” अक्का म्हणाल्या. “आवळतंय का?”

कावेरीनं हात फिरवून पाहिले. अक्कांच्या बोटांचा स्पर्श तिच्या मनगटाला एवढा वेळ कधी झाला नव्हता. ती नऊवारी कासोटा घालून नेसत असे, त्यामुळे पायाची अडचण नव्हती. पदर कमरेला पक्का खोचला की ती तयार.

त्या रविवारी कुलूप निघालं. उपेंद्र रॉकेलचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसला. शिवाप्पानं चांगल्या पोलादी सळीचे तुकडे आणून दिले होते. मूठ कशी हवी ते उपेंद्रानं भिंतीवर कोळशानं काढून दाखवलं. मुळाशी बारीक, मग फुगत जाऊन तळहातात भरेल अशी, आणि शेवटी गोलसर मिटलेली. बघायला सोपं होतं. सळी चकमध्ये आवळायची, दुसरं टोक मागच्या टोकदार आधारावर टेकवायचं, आणि हत्यार दोन्ही मुठींनी एकाच वेळी असं चालवायचं की ते सरळ न जाता वळण घेत जाईल. दोन मुठींपैकी एक तर मोडलेली. मूठ करायची तीही मुठीवाचून, नुसत्या पान्यानं.

पहिल्या दिवशी कावेरीनं फळीवर पाय टाकला, चाक फिरू लागलं, आणि हत्यार सळीला भिडताच कर्रकन आवाज होऊन सगळा लेथ थरथरला. उपेंद्र ओरडला, एवढं नको, एवढंसंच घे. तिनं पान्याला जरा कमी पीळ दिला. हत्यार लोखंडावर नुसतं घासत राहिलं. आता एवढं थोडं नको, तो म्हणाला, जरा घे.

“एवढंसं म्हणजे किती?” तिनं विचारलं.

उपेंद्रानं उजवा हात पुढं केला, हवेत पाना फिरवल्यासारखा केला, पण तीन बोटं वाकलेलीच राहिली. इतकी वर्षं जे त्याच्या बोटांना ठाऊक होतं ते त्याला कधी तोंडानं सांगावं लागलं नव्हतं. तो पुन्हा एवढंसं म्हणाला, तिनं आपल्या समजुतीप्रमाणं केलं, हत्यार सळीच्या मधोमध खोल रुतलं आणि सळी वाकली. उपेंद्र उठून बाहेर गेला. संध्याकाळपर्यंत तो घरी आला नाही. कावेरीनं छिलके झाडून काढले, हात धुतले आणि भाकरी थापायला बसली. रडू येत होतं, पण अक्का समोर होत्या म्हणून आलं नाही.

त्या आठवड्यात उपेंद्र कोठाराच्या खिडकीत बसून कशाचा विचार करत होता ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण पुढच्या रविवारी तो आपण होऊन शेडमध्ये जाऊन बसला आणि कावेरीला म्हणाला, आज हाताकडे बघू नकोस, हत्याराकडेही बघू नकोस, नुसता कान लाव. लोखंड नीट कातलं जात असलं की आवाज कसा येतो माहीत आहे? गरम काविलीवर दोशाचं पीठ घातलं की येतो तसा, चुर्र. तो आवाज येईपर्यंत पुढं जा. आवाज फाटला की मागं घे. आवाज बंद पडला तर हत्यार नुसतं बसून खातंय.

कावेरी हसली. दोशाचा आवाज तिला कुणी शिकवायला नको होता. तिनं पाय चालवला, पाना हळूहळू फिरवला, आणि थोड्याच वेळात तो आवाज आला. अगदी तोच. सळीवरून बारीक, चकचकीत, दोऱ्यासारखा छिलका वळत वळत खाली आला. अक्का चिंच निवडायचं सूप घेऊन शेडच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पण सरळ कातणं वेगळं आणि वळण देणं वेगळं. दोन्ही हात एकाच वेळी, पण निरनिराळ्या गतीनं चालवायचे. डावा हात भराभर जाई तेव्हा उजवा अडे, उजवा पुढं जाई तेव्हा डावा विसरे. मुठीला पायऱ्या पडत. उपेंद्र आता चिडत नव्हता. तो डोळे मिटून बसे, आपण हे कसं करत होतो ते मनात आणी आणि शब्द शोधी. कधी सापडत, कधी नाही. तुकडे वाया जात होते. एका सोमवारी कावेरी दोशासाठी तांदूळ-उडीद वाटत होती. उजव्या हातानं रगड्यातला दगडी गुंडा गरगरत होता, डावा हात मधूनमधून पीठ आत लोटत होता, आणि ती अक्कांशी भलत्याच विषयावर बोलत होती. बोलता बोलता ती थांबली. तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. उजवा एका चालीनं जात होता, डावा दुसऱ्याच, आणि दोघांनाही ती काहीच सांगत नव्हती.

“अक्का,” ती म्हणाली, “मी हातांवर फार लक्ष ठेवते आहे.”

अक्कांना ते काय ते कळलं नाही. पण त्या रविवारी मूठ झाली. कावेरी काम करता करता मुद्दाम बोलत राहिली. आनेकलच्या रस्त्याचं, बसमधल्या कोंबड्यांचं, तिच्या वडिलांच्या छत्रीचं. उपेंद्र हो-हो म्हणत होता आणि त्याचे डोळे हत्यारावर खिळले होते. वळण उतरत गेलं, चढत गेलं. मग तिनं त्यानं सांगितल्याप्रमाणं कानशीची दांडी डाव्या हातात धरून, हात चकपासून दूर ठेवून, राहिलेल्या बारीक पायऱ्या घासून काढल्या. एमरी पेपरनं उजळवलं. मुळाच्या टोकाला आटे उपेंद्रानंच पाडायचा प्रयत्न केला, पण आटे पाडायचा दांडा दोन हातांनी धरावा लागतो. मग एक बाजू त्यानं डाव्या हातानं धरली, दुसरी तिनं, आणि जातं फिरवावं तसा दोघांनी मिळून तो फिरवला.

पाना निघाला आणि त्या जागी मूठ बसली. उपेंद्रानं ती हातात घेतली नाही. लांबूनच पाहून म्हणाला, टोकाशी जरा जाड राहिली. मग थोड्या वेळानं म्हणाला, पण बसली आहे.

रघुपती ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. शिवाप्पाही दोर आणि दोन माणसं घेऊन आला होता. रघुपतीनं लेथपुढं उभं राहून मूठ फिरवली, पुन्हा फिरवली, तिच्यावरून अंगठा नेला. चांगली केली आहे म्हणाला. कुणाकडून करून घेतली असं त्यानं विचारलं तेव्हा उपेंद्र कावेरीकडे पाहू लागला आणि कावेरी अंगणातल्या तुळशीकडे. माणसं दोर आवळायला लागली. शब्द दिलेला होता. उपेंद्र दोराच्या गाठींकडे पाहत होता, आणि कावेरीनं तर आपल्या मनाशीही अजून कबूल केलं नव्हतं की हे यंत्र गेलं तर आपल्याला सोसणार नाही.

अक्का पायरीवरून उठल्या. विधवा बाई, परक्या पुरुषांपुढं त्या सहसा येत नसत, आल्या तर पदर कपाळापर्यंत ओढून. त्या दिवशी त्या रघुपतीपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाल्या:

“हे विकायचं नाही. याच्यावर आमची भावजय काम करते.”

शिवाप्पाची माणसं दोर हातात धरून तशीच राहिली. रघुपतीनं एकदा अक्कांकडे, एकदा मुठीकडे, मग कावेरीच्या हातांवरच्या लाल नळ्यांकडे पाहिलं. रागावला असता तर त्याची चूक नव्हती. एवढ्या लांबून गाडी घेऊन आला होता. पण माणूस दिलदार होता, आणि धंद्यातलाही होता. तो ओट्यावर बसला, पाणी मागितलं, आणि म्हणाला, मग असं करा, माझ्या गिरण्यांच्या दांड्यांना अशाच मुठी करून द्या. लेथ मी दुसरा बघतो. कातायला माणसं मिळतात, असं वळण द्यायला मिळत नाहीत.

शिवाप्पानं दोर सोडला आणि एवढा मोठ्यानं हसला की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली.

तेव्हापासून पुढं कित्येक वर्षं कावेरी दुपारची कामं आटोपली की लाल नळ्या चढवून शेडमध्ये जाई. मुठी गोणीत भरून शिवाप्पा आनेकलच्या बसच्या टपावर टाकी. गल्लीतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग सरावल्या, मग आपली मोडकी विळी-झारे घेऊन येऊ लागल्या. साठ-एकसष्टच्या सुमारास पुण्याहून सरकारी नोकरीसाठी आलेलं एक जोडपं शेजारी राहायला आलं. त्यातली प्रमोदिनी पहिल्याच आठवड्यात पोलक्याचं कापड घेऊन आली. भिंतीपलीकडून यंत्राचा आवाज येतो तेव्हा तुम्ही शिवणकाम करत असणार, अशी तिची खात्री होती. कावेरीनं तिला शेडमध्ये नेलं. प्रमोदिनी पुष्कळ वेळ कापड छातीशी धरून पाहत राहिली. मग म्हणाली, “अहो, तुमचं मराठी मला निम्मं कळत नाही, आणि आता हेही कळत नाही.” दोघी हसल्या. त्या दिवसापासून त्यांचं जमलं ते कायमचं.

उपेंद्राचं निराळंच झालं. कोठाराच्या खिडकीशी नवीन भरती झालेली पोरं यायची आणि हत्यार घेता घेता काही विचारायची. पूर्वी तो हत्यार पुढं सारून गप्प बसे. आता तो त्यांना सांगू लागला. आवाज कसा ऐकायचा, हत्यार का थरथरतं, हातांवर फार लक्ष ठेवलं की काय होतं. खिडकीशी गर्दी जमू लागली म्हणून फोरमन चौकशीला आला. कोपऱ्यात उभा राहून त्यानं सगळं ऐकलं आणि महिन्याभरात उपेंद्राला कारखान्याच्या प्रशिक्षण शाळेत पाठवलं. रोज नवीन पोरांना शिकवायचं. ही बातमी त्यानं घरी येऊन अक्कांना सांगितली, पण सांगताना तो कावेरीकडे पाहत होता.

शाळेत नुसतं सांगून भागत नसे, कधी करूनही दाखवावं लागे. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. एका शनिवारी दुपारी कावेरी स्वयंपाकघरात तांदूळ धुवत होती. शेडमधून लेथचा आवाज आला. आधी अडखळत, मग फाटका. थांबला. पुन्हा सुरू झाला. तिच्या लक्षात आलं की फळीवर पाय टाकणाराही तोच आहे आणि मूठ फिरवणाराही, आणि ती मूठ डाव्याच हातात असणार. ती उठली आणि दारापर्यंत गेली. तिथून परत फिरली. चुलीपाशी येऊन ती उभीच राहिली. आवाज पुन्हा फाटला, मग बारीक झाला, आणि किती वेळानं कोण जाणे, चुर्र असा लागला आणि लागून राहिला.

अक्का देवघरात जप करत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, “शेडमध्ये कोण आहे गं?”

“ते आहेत,” कावेरी म्हणाली, आणि तिनं तांदूळ पुन्हा धुवायला घेतले. ते आधीच स्वच्छ झाले होते.

मूठ टोकाशी जरा जाड राहिली आहे हे उपेंद्रानं त्यानंतर पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. कावेरीनं एकदा नवी करून बसवते म्हटलं तेव्हा तो म्हणाला, राहू दे, डाव्या हाताला जाडच बरी पडते.

अक्का चौसष्टच्या श्रावणात गेल्या. लाल नळ्या तोवर विरून दोनदा नव्यानं शिवल्या होत्या, पण शिवल्या अक्कांनीच. त्यापुढच्या नळ्या कावेरीनं स्वतः शिवल्या आणि तिला त्या कधीच तशा जमल्या नाहीत. शेडमध्ये वीज आली. उपेंद्रानं मोटर बसवली. कावेरीला मोटर आवडली नाही. पायाला काम नसलं की तिचा कानही लागत नसे. तेव्हा पट्टा काढून ती पायानंच चालवी आणि मोटर शोभेची राहिली.

आणि मग बाजारात विजेवर चालणाऱ्या मोठ्या कॉफीच्या गिरण्या आल्या. गांधी बाजारात दुकानाबाहेर रांग लागे, डोळ्यांदेखत गरम पूड कागदात बांधून मिळे. रघुपतीनं हातगिरण्या करणं आटोपतं घेतलं. ते सांगायला तो स्वतः आनेकलहून आला. केस पांढरे झाले होते. कॉफी पिऊन झाल्यावर त्यानं कावेरीला विचारलं, की आता दुसरं काही काम आणू का, पाण्याच्या पंपांचे भाग, कसले तरी. ती म्हणाली, आणा, पण घाई नाही.

त्या वर्षांत ती आणि उपेंद्र सकाळी गवीपुरातून बसवनगुडीपर्यंत पायी फिरून येत. हवा थंडगार असे, रस्त्यावर रेन-ट्रीची फुलं पडलेली असत. अजून पुष्कळ घरांत माणसं दुकानातली पूड घेत नसत. कुठल्या तरी स्वयंपाकघरातून बिया भरडल्याची घरघर ऐकू येई, आणि पाठोपाठ तो वास. कावेरी चालता चालता थोडी हळू होई. उपेंद्रही हळू होई. कुठली गिरणी आपल्या मुठीची आणि कुठली दुसऱ्या कुणाच्या, हे रस्त्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. ती कुणाला विचारायलाही गेली नाही. घरघर थांबली की दोघं पुढं निघत.